भाव न ठरवता आणलेले जुने इंजिन : वाजवी किंमत कशी काढावी?

अमळनेरच्या एका वाचकांनी कळविलेली हकिगत थोडक्यात अशी. वडिलांच्या १९६९ सालच्या जावा २५० मोटारसायकलचे इंजिन निकामी झाल्यामुळे त्यांनी भुसावळच्या एका निवृत्त गृहस्थांकडे पडून असलेले त्याच बनावटीचे इंजिन ८,००० रुपये आगाऊ देऊन आणले. ‘भाव मिस्त्री सांगतील तो’ एवढेच व्हॉट्सॲपवर ठरले होते. पण दोघांच्याही ओळखीच्या त्या मिस्त्रींनी पुढे अंग काढून घेतले. दरम्यान वाचकांनी इंजिन खोलून बोअर (सिलिंडरचा आतील व्यास) व क्रँक (पिस्टनमुळे फिरणारा दांडा) यांचे काम करून घेतले आणि ते गाडीत बसविले. त्यास ११,००० रुपये लागले. आता विक्रेते इंटरनेटवरील जाहिराती दाखवून ४५,००० रुपये मागतात आणि ते न दिल्यास इंजिन परत करा, अशी नोटीस त्यांनी पाठविली आहे. वाचकांच्या मते १५,००० पुरेसे आहेत, आणि मिस्त्रींनी भावच न सांगितल्यामुळे व्यवहार रद्द झाला, असाही त्यांचा समज आहे.

हा समज निम्माच खरा आहे. माल विक्री अधिनियम, १९३० च्या कलम १० नुसार त्रयस्थाने किंमत ठरवायची असेल आणि त्याने ती ठरविली नाही, तर करार टळतो हे खरे. परंतु माल खरेदीदाराच्या ताब्यात येऊन त्याने तो आपलासा केला असेल, तर त्याची वाजवी किंमत त्याला द्यावीच लागते, असे त्याच कलमाचे परंतुक (अपवाद सांगणारा भाग) सांगते. आपण इंजिन खोलले, बोअर वाढविला, गाडीत बसविले; याहून अधिक आपलेसे करणे ते कोणते? त्यामुळे इंजिन परत करून आपण मोकळे होऊ शकत नाही, आणि माझ्या मते विक्रेत्यांनाही इंजिन नव्हे, किंमतच मागता येईल.

वाजवी किंमत म्हणजे किती, हा प्रत्येक प्रकरणातील वस्तुस्थितीचा प्रश्न आहे, असे कलम ९ म्हणते. रावेर-बऱ्हाणपूरच्या केळीला रोजचा भाव निघतो, तसा जुन्या इंजिनाला निघत नाही. म्हणून झालेल्या सौद्यांकडे पाहावे लागते. जाहिरातीतील आकडा ही मागणी असते, सौदा नव्हे. आपल्या मित्रांनी सहा महिन्यांपूर्वी धुळ्याहून असेच न खोललेले इंजिन पावतीसह २४,००० रुपयांना घेतल्याचे आपण लिहिता, तो पुरावा माझ्या दृष्टीने दहा जाहिरातींपेक्षा मोलाचा आहे.

मात्र येथे आपली एक चूक होते आहे. दुरुस्तीचे ११,००० रुपये आपण सरसकट वजा करता. तुलना चालू स्थितीतील इंजिनाशी असेल, तर ही वजाबाकी रास्त ठरते. पण न खोललेल्या इंजिनाच्या भावात रिंगा, ऑइल सील आणि बेअरिंग यांचा संभाव्य खर्च आधीच धरलेला असतो, आणि तो पुन्हा वजा करणे म्हणजे एकच सूट दोनदा घेणे होय. वजा करता येते ते नेहमीच्या झिजेपलीकडचे : क्रँककेसला (क्रँकभोवतीच्या कवचाला) तडा किंवा वेल्डिंग, किंवा मूळ ६५ मिलिमीटरचा बोअर आधीच इतका वाढलेला असणे की पुढे वाव उरला नाही. उलटपक्षी, आपल्या खर्चाने चालू झालेल्या इंजिनाचा भाव विक्रेत्यांनाही मागता येणार नाही. किंमत ताबा दिला त्या दिवसाच्या स्थितीची धरावी.

कागदपत्रे हाही किमतीचाच भाग आहे. इंजिन ज्या गाडीतून निघाले तिच्या नोंदणीपुस्तकाची प्रत मित्रांना मिळाली, आपल्याला मिळाली नाही; तेवढा भाव उतरतो. इंजिनावरील क्रमांक घासलेला नाही ना, हे आजच तपासा, कारण माल विकण्याचा हक्कच विक्रेत्याला नसेल तर कलम १४ मुळे प्रश्न किमतीचा राहत नाही, दिलेले पैसे परत मागण्याचा होतो. शिवाय मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे पूर्वपरवानगीशिवाय इंजिन बदलल्यास चौदा दिवसांत नोंदणी प्राधिकाऱ्यास कळवावे लागते; मुदत उलटली असल्यास आपल्या भागाच्या आरटीओ कार्यालयात विनाविलंब अर्ज करा. गाडी पन्नास वर्षांवरची असल्याने पुढेमागे ‘विंटेज’ नोंदणीचा विचार असेल, तर त्यासाठी मूळ स्वरूप राखलेले असावे लागते आणि इंजिनातील फेरबदल तेथे अडसर ठरू शकतो, हेही जाता जाता सांगतो. म्हणून गाडीचे मूळ निकामी इंजिन भंगारात देऊ नका.

दोन्ही आकडे मला पटत नाहीत. आपण कळविलेल्या माहितीवर, क्रँककेस शाबूत असल्यास, २० ते २२ हजारांच्या दरम्यानची किंमत मी न्यायालयापुढे वाजवी म्हणून मांडू शकेन. नोटिशीला मुदतीत लेखी उत्तर द्या, त्यात हा हिशेब मांडा, आणि २०,००० मधून आगाऊ रक्कम वगळून उरणारे १२,००० रुपये बँकेमार्फत, हक्क अबाधित ठेवून पाठवा. काढलेला पिस्टन, लेथवाल्याची पावती, खोलताना काढलेली छायाचित्रे आणि व्हॉट्सॲपवरील संभाषण असलेला मूळ फोन जपून ठेवा. विक्रेत्यांना ताबा दिल्यापासून तीन वर्षांत दावा लावता येतो, आणि न्यायालय दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २६ खाली बाजारभाव ठरविण्यासाठी आयुक्तही (न्यायालयाच्या वतीने तपासणी करून अहवाल देणारी व्यक्ती) नेमू शकते. पण वीस-पंचवीस हजारांच्या वादाला एवढा खटाटोप परवडत नाही. तालुका विधी सेवा समितीकडे दावापूर्व अर्ज करून प्रकरण लोकअदालतीत ठेवावे, आणि तडजोडीत रकमेसोबत नोंदणीपुस्तकाची प्रत व मालकीचे लेखी निवेदन देण्याची अट अवश्य लिहून घ्यावी.