कुटुंबासह केनियातील चर्च आणि अनाथ मुलांच्या भेटीला जायचे असेल, तर तयारी कशी करावी?

आपण विचारले आहे की, येत्या डिसेंबरात आपण, आपली पत्नी, दहा आणि सहा वर्षांची दोन मुले आणि चौसष्ट वर्षांच्या सासूबाई असे पाच जण केनियाच्या किनारपट्टीवरील काही चर्च आणि एका अनाथाश्रमाला भेट देण्यासाठी बारा दिवस जाणार आहात. तर मुलांना नेणे योग्य ठरेल का, तिथे काय सेवा करता येईल आणि सोबत काय न्यावे. आम्ही नाशिकचे. दोन वर्षांपूर्वी मी, पत्नी, चौदा वर्षांची मुलगी आणि नऊ वर्षांचा मुलगा असे चौघे मोंबासा आणि रबाई या भागात अकरा दिवस राहून आलो. त्या अनुभवावरून लिहितो.

आपण जरूर जा आणि मुलांनाही न्या. मात्र अनाथाश्रमाची भेट कार्यक्रमातून काढून टाका आणि ते दिवस तिथल्या मंडळीतील, म्हणजे चर्चच्या सभासद असलेल्या, कुटुंबांच्या घरी घालवा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. असे का म्हणतो, ते सांगतो.

आमच्या कार्यक्रमात तिसऱ्या दिवशी अशाच एका संस्थेची भेट होती. तिचे नाव मी देत नाही. गाडी फाटकातून आत शिरताच तीस-बत्तीस मुले रांगेत उभी राहून टाळ्या वाजवत स्वागताचे गाणे म्हणू लागली. सहा-सात वर्षांच्या एका मुलीने माझ्या पत्नीचा हात धरला, तो पुढचे दोन तास सोडलाच नाही. पत्नीच्या ओढणीचे टोक बोटाभोवती गुंडाळत ती तिला चिकटून बसली होती आणि आम्ही निघालो तेव्हा ‘मामा, मामा’ म्हणत गाडीपर्यंत आली. स्वाहिलीत मामा म्हणजे आई. त्या रात्री आमच्या घरात कोणीही नीट जेवले नाही आणि माझ्या मुलीने विचारले की, आपण हिला घरी नेऊ शकत नाही का.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या यजमान पाळकांच्या, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंच्या, पत्नी आम्हाला बाजारात घेऊन गेल्या. तिथे एक बाई कढईत माहम्री तळून विकत होत्या. माहम्री म्हणजे वेलची आणि नारळाचे दूध घालून केलेल्या फुगीर गोड पुऱ्या. आमची ओळख करून दिल्यावर त्यांनी काल आपण कुठे गेला होता असे विचारले आणि बोलण्यातून उलगडत गेले की, ती मुलगी त्यांचीच होती. नवरा वारलेला, घरी आणखी दोन लहान मुले. संस्थेत शाळेची आणि दोन वेळच्या जेवणाची सोय होते असे कळल्यावर त्यांनी थोरलीला तिथे ठेवले होते. महिन्यातून एकदा त्या तिला भेटत असत, पण पाहुणे यायचे असतील त्या दिवशी येऊ नये, असे त्यांना बजावलेले होते. त्या हे सांगत असताना कढईतल्या पुऱ्या उलटत होत्या, आवाज चढला नव्हता. आदल्या दिवशी आम्ही संस्थेच्या दानपेटीत टाकलेल्या रकमेत या बाईंच्या मुलीचा गणवेश, वह्या आणि वर्षभराचा किरकोळ शालेय खर्च सहज निघाला असता, हे मला तिथे उभा असताना उमगले.

ही एकाच संस्थेची गोष्ट असती, तर मी ती जाहीरपणे लिहिली नसती. युनिसेफच्या व्याख्येत आई किंवा वडील यांपैकी एक जरी वारलेले असले, तरी ते मूल अनाथ धरले जाते. २०१५ साली जगात अशी सुमारे १४ कोटी मुले होती, त्यांतील ५ कोटी २० लाख आफ्रिकेत. परंतु आई आणि वडील दोघेही गमावलेली मुले जगभरात मिळून सुमारे दीड कोटी होती. म्हणजे आपण ज्यांना अनाथ म्हणतो, त्यांतील बहुतेकांना आई किंवा वडील आहेत, आणि ज्यांना दोघेही नाहीत त्यांनाही बहुधा आजी, मावशी, काका असे कोणीतरी असते. एड्सच्या साथीने एक अख्खी पिढी नेली, तेव्हा पूर्व आफ्रिकेत नातवंडे वाढवली ती प्रामुख्याने आज्यांनी. केनियात प्राथमिक शिक्षण जानेवारी २००३ पासून मोफत आहे, तरी गणवेश, बूट, पुस्तके आणि निरनिराळ्या वर्गण्या यांचा भार उरतोच, आणि तो उचलता न आल्यामुळे मूल संस्थेत ठेवले जाते. पाहुणे आणि देणग्या मुलांची संख्या पाहून येतात, म्हणून मुले गोळा करण्याचा मोह काही संस्थांना होतो. केनिया सरकारने २०१७ साली नव्या बालगृहांची नोंदणी थांबवली आणि २०२२ पासून मुलांना टप्प्याटप्प्याने कुटुंबात परत नेण्याचे दहा वर्षांचे धोरण हाती घेतले. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेही डिसेंबर २०१९ मध्ये बालहक्कांविषयीच्या ठरावात अनाथाश्रम-पर्यटनाच्या हानीची दखल घेतली आहे.

मुलांच्या मनावर काय होते, हेही पाहावे. दर पंधरवड्याला नवे लोक येतात, मांडीवर घेतात, खाऊ देतात, फोटो काढतात आणि निघून जातात. ज्या मुलाने आधीच आपले माणूस गमावले आहे, त्याला हाच अनुभव पुन्हा पुन्हा घ्यावा लागतो. अनोळखी माणसाला लगेच बिलगणारे मूल पाहून आपण हेलावतो, परंतु बालमानसशास्त्र याला प्रेमळपणा म्हणत नाही, ती जवळचे माणूस स्थिर नसल्याची खूण असते. आपल्या स्वतःच्या सहा वर्षांच्या मुलाला शाळेत दर आठवड्याला वेगळे पाहुणे येऊन कवटाळू लागले, तर आपण ते चालू देणार नाही.

अशा सेवेसाठी आपण सगळे बायबलमधील याकोबाच्या पत्रातील पहिल्या अध्यायाचे सत्ताविसावे वचन सांगतो, अनाथांच्या संकटात त्यांचा समाचार घेण्याविषयीचे, म्हणजे त्यांची विचारपूस करण्याविषयीचे. घरी परतल्यावर मी ते पुन्हा वाचले, तेव्हा तिथे अनाथांच्या शेजारीच विधवांचेही नाव आहे याकडे माझे प्रथमच लक्ष गेले. समाचार घ्यायचा तो दोघांचा, एका घरात. आम्ही मात्र मुलीला भेटायला फाटकाच्या आत गेलो होतो आणि तिची आई बाहेर बाजारात उभी होती.

आता काय करता येईल ते. तिथल्या अँग्लिकन (चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतील) मंडळ्यांमध्ये मदर्स युनियन ही स्त्रियांची संघटना फार भक्कम आहे आणि कोणत्या घरी कोण आजारी आहे, कोणत्या आजीकडे किती नातवंडे आहेत, कोणाची फी थकली आहे, हे तिच्या सभासदांना तोंडपाठ असते. त्यांच्यासोबत घरभेटींना जा. आम्ही रबाईजवळ अशा एका आजींच्या घरी एक दुपार काढली. मातीच्या भिंती, वर पत्रे, अंगणात तीन नातवंडे आणि कोंबड्या. आजींनी मक्याच्या पिठाची उगाली आणि पालेभाजी केली. पत्नीने त्याच पिठाची भाकरी थापून दाखवली, आणि ती कोळशाच्या शेगडीवर फुगली तेव्हा मुले ओरडली. माझ्या मुलाला स्वाहिली येत नव्हती, त्या मुलांना मराठी येत नव्हती, तरी गाडी, चहा, दुकान, साबण हे शब्द दोन्हीकडे जवळजवळ सारखेच आहेत असे त्यांनी स्वतःच शोधून काढले आणि संध्याकाळपर्यंत त्यांची एक यादीच तयार झाली. कोणीही कोणाला दान दिले नाही. निघताना आजींनी मुलीच्या हातात दोन नारळ ठेवले.

रविवारच्या उपासनेसाठी पूर्ण सकाळ राखून ठेवा. सुरुवातीलाच पाहुण्यांना उभे राहून नाव-गाव सांगायला सांगतात. त्या वेळी ‘ब्वाना येसू असिफिवे’, म्हणजे प्रभू येशूची स्तुती असो, एवढे म्हटले तरी सगळी मंडळी एका आवाजात ‘आमेन’ म्हणते. मुलांना वडीलधाऱ्यांसाठी ‘शिकामू’ हा नमस्कार आधीच शिकवा, त्याला ‘मराहबा’ असे उत्तर मिळते. दानार्पणात पैशांबरोबर पपया, अंडी, मका असेही येते आणि उपासनेनंतर अंगणात त्याचा लिलाव होतो. आमच्याकडेही सुगीच्या सणाला हे होते, म्हणून मुलांना ते ओळखीचे वाटले. भाषण करायला सांगितले, तर पाच मिनिटांत आटोपा आणि त्याऐवजी एखादे मराठी गीत गा.

नाशिककर म्हणून आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही, आणि ती आपल्या मुलांनाही सांगावी असे वाटते. एकोणिसाव्या शतकात इंग्रज आरमाराने अरबी जहाजांवरून सोडवलेल्या आफ्रिकी गुलामांपैकी अनेक मुलांना मुंबईत उतरवून नाशिकजवळ शरणपूर येथील चर्च मिशनरी सोसायटीच्या आश्रमात आणले गेले. तिथे ती मुले अक्षरे, सुतारकाम, लोहारकाम शिकली. त्यांच्यापैकी जेकब वेनराइट हा आफ्रिकेत फिरलेले स्कॉटिश मिशनरी आणि संशोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्यासोबत होता. १८७३ साली लिव्हिंग्स्टन वारल्यावर त्यांच्या अंत्यविधीची प्रार्थना त्याने वाचली, देह समुद्रापर्यंत नेणाऱ्यांत तो होता, आणि १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीला हात लावणाऱ्यांतही होता. शरणपूरची जबाबदारी सांभाळलेले पाळक विल्यम सॉल्टर प्राइस यांनी त्यानंतर मोंबासाजवळ सोडवलेल्या गुलामांची वसाहत उभी केली. मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या नावावरून तिचे नाव फ्रिअरटाउन. नाशिकहून परतलेले आफ्रिकी तिथे शिक्षक, कारागीर आणि पाळक झाले. गुलामांचे व्यापारी येताना दिसले की वाजवायची घंटा आजही रस्त्यालगत उभी आहे आणि तिच्यावरूनच त्या नाक्याला केंगेलेनी म्हणतात, कारण स्वाहिलीत केंगेले म्हणजे घंटा. शरणपूर रोडवरून रोज शाळेत जाणारी माझी मुलगी त्या घंटेखाली बराच वेळ उभी राहिली. अनाथ मुलांना आसरा देण्यात आपल्या गावाचा हा वाटा आहे, आणि त्या मुलांना खरोखरच परत जायला घर उरले नव्हते, हा फरकही मी तिला तिथेच सांगितला.

तयारीचे आता थोडक्यात. केनियाहून भारतात परतताना पिवळ्या तापाच्या लशीचा दाखला दाखवावा लागतो, नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते आणि तिचा दाखला आयुष्यभर चालतो. साठीनंतर ही लस पहिल्यांदा घेताना धोका थोडा वाढतो, म्हणून सासूबाईंच्या बाबतीत डॉक्टरांचा सल्ला आजच घ्या, तिकिटे काढण्यापूर्वी. किनारपट्टीवर मलेरिया आहे; प्रतिबंधक गोळ्या निघण्याआधी सुरू करून परतल्यानंतरही चालू ठेवायच्या असतात आणि सहा वर्षांच्या मुलासाठी त्या वेगळ्या असतात. प्रवासाची परवानगी ऑनलाइन मिळते, पण पर्यटकाच्या परवानगीवर काम करता येत नाही, बिनपगारीसुद्धा. शिकवणे किंवा औषधोपचार कार्यक्रमात असतील, तर यजमानांकडून योग्य परवाना आधी मागवा. चिवडा-लाडू प्लास्टिकच्या पिशव्यांत भरू नका, कारण ऑगस्ट २०१७ पासून केनियात त्या पिशव्यांवर कडक बंदी आहे. आम्ही सगळे कापडी पिशव्यांत आणि डब्यांत नेले. जुने कपडे आणि खेळणी नेऊ नका, मोंबासाच्या बाजारात सगळे मिळते आणि तिथल्याच दुकानदाराची विक्री होते.

पैशांबाबत एक सावधगिरी बाळगा. मंडळीच्या ट्रस्टमध्ये जमा झालेली वर्गणी परदेशात खर्च करण्यावर आयकर कायद्याची बंधने आहेत, तेव्हा खजिनदारांनी आधी सीएंना विचारावे. वैयक्तिक मदत बँकेमार्फत रीतसर पाठवता येते. आम्ही आता डिसेंबराच्या अखेरीस मंडळीच्या नावे रक्कम पाठवतो, कारण केनियात शाळेचे वर्ष जानेवारीत सुरू होते आणि आयांची सर्वांत जास्त ओढाताण त्याच आठवड्यांत होते. माहम्री विकणाऱ्या बाईंची थोरली मुलगी अजून संस्थेतच आहे. तिला घरी आणण्यासाठी पाळक तिथल्या बालकल्याण अधिकाऱ्यांशी बोलत आहेत आणि त्याला वेळ लागतो आहे.

आपल्या यजमान पाळकांना या आठवड्यातच लिहून दोन गोष्टी विचारा: ज्या संस्थेत आपल्याला नेणार आहेत तिथल्या किती मुलांचे आई, वडील किंवा आजी हयात आहेत, आणि मंडळीत अशी किती घरे आहेत जिथे पाहुणे आलेले चालतील. त्यांचे उत्तर आले की इथेच कळवा. बारा दिवसांची आखणी कशी करावी, ते मी आनंदाने सुचवीन.