लिव्हरसाठी स्टेम सेल: शेत गहाण टाकण्याआधी

दादा, तुमच्या वडिलांना दारूमुळे सिरॉसिस झालाय, म्हणजे लिव्हर आकसून घट्ट झालंय, पोटातलं पाणी दोनदा काढलंय आणि पै-पाहुणे म्हणतायत, शेत गहाण टाका पण स्टेम सेल करून घ्या. आधी एवढंच सांगतो, शेताला हात लावू नका.

स्टेम सेल, म्हणजे ज्यांच्यापासून दुसऱ्या पेशी तयार होतात त्या मूळ पेशी, थोतांड नव्हे. अस्थिमज्जेतल्या किंवा नाळेतल्या पेशींनी लिव्हरची सूज कमी होते, असं काही छोट्या चाचण्यांत दिसलंय. नवं लिव्हर मात्र उगवत नाही. ब्रिटनमध्ये सिरॉसिसच्या ८१ रुग्णांवर रीतसर चाचणी झाली, निकाल २०१८ साली आला. स्टेम सेल घेतलेल्यांचं लिव्हर नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा जास्त सुधारलं नाही, उलट गंभीर त्रास त्यांनाच जास्त झाला.

मग क्लिनिकवाले दाखवतात ते ‘आधी बिलीरुबिन (रक्तातली कावीळ) ६, नंतर २’चे रिपोर्ट? भावाच्या आजारपणात असले रिपोर्ट मीही ढिगानं बघितलेत. रिपोर्ट खरेही असतील. पण दारू पूर्ण सुटली की बऱ्याच जणांचं बिलीरुबिन काही महिन्यांत आपसूक उतरतं, पाणी कमी होतं. त्याच काळात कुणी सुई टोचली तर श्रेय सुईला! दारू सोडलेला, तितकाच आजारी, पण पेशी न घेतलेला माणूस तुलनेला नसेल तर त्या कागदाला काडीची किंमत नाही.

आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७च्या मार्गदर्शक सूचनांनुसार लिव्हरसाठी स्टेम सेल फक्त मंजूर चाचणीतच देता येतात. तेव्हा क्लिनिकवाल्यांकडे सीटीआरआयचा, म्हणजे देशातल्या चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीचा, नोंदणी क्रमांक मागा. चाचणीत पेशींचे पैसे रुग्णाकडून घेत नाहीत. लाखांचा आकडा सांगितला की चप्पल घालून निघायचं.

पोटात पाणी होतंय म्हणजे लिव्हर प्रत्यारोपणाच्या तज्ज्ञाला आत्ताच दाखवायची वेळ आलीय. दारू सुटल्याशिवाय सहसा कुणी पुढं जात नाही, म्हणून ते पहिलं. घरातलं कोणी दाता होऊ शकतं. दिलेल्या भागाएवढं लिव्हर बरंचसं भरून येतं. मरणोत्तर दात्याच्या यादीत नाव प्रत्यारोपण करणाऱ्या हॉस्पिटलमार्फत लागतं, आपल्या कोल्हापूर भागाची अवयव वाटपाची समिती पुण्यात आहे.

तोवर खर्डा, लोणचं, पापड बंद. मीठ अगदी बेतानं. अंडी-डाळ मात्र स्वतःच्या मनानं तोडू नका, आधीच अंगावर मांस राहत नाही. झोपण्याआधी थोडं खायला द्या. आणि ताप आला, असंबद्ध बोलायला लागले, रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी शी झाली तर सकाळची वाट न बघता थेट कोल्हापुरातलं सीपीआर हॉस्पिटल गाठा.