इयर डाऊन झाल्यावर काय करावे

विषय इतके राहिले की एटीकेटीच्या, म्हणजे काही विषय राहूनही पुढच्या वर्षात जाऊ देणाऱ्या, नियमातही बसता आले नाही आणि पुढच्या वर्षाचा प्रवेश थांबला, ही गोष्ट घरी आजच सांग. मी ती दोन महिने लपवली. रोज डबा घेऊन बाहेर पडायचो आणि ग्रंथालयात वही न उघडता बसून राहायचो, आणि ते दिवस भरून काढणे पुढे फार जड गेले.

ज्या विषयांत थोडक्यात राहिला आहेस, त्यांच्या उत्तरपत्रिकेची छायाप्रत लगेच मागव, कारण छायाप्रत आणि पुनर्मूल्यांकन या दोन्हींच्या अर्जाची मुदत फार थोडी असते. गुण वाढले नाहीत तरी ती प्रत नीट वाच. माझ्या गणिताच्या पेपरात सोडवलेली उदाहरणे बरोबर होती, पण शेवटचे दोन प्रश्न कोरे होते. अभ्यास नव्हे, वेळेचा अंदाज चुकला होता.

उत्तीर्ण विषयांचे क्रेडिट (श्रेयांक) अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये, म्हणजे ते जमा ठेवणाऱ्या ऑनलाइन खात्यात, नोंदले गेले आहेत का, तेही पाहा. २०२१ च्या नियमांनुसार ते जास्तीत जास्त ७ वर्षे ग्राह्य असतात. दरम्यान अभ्यासक्रम बदलला, तर समकक्ष विषयांची यादी परीक्षा विभागाकडून लेखीच घे.