आवाज थांबले, पण हात थरथरतात

प्रश्न : माझ्या मुलाला कोणी नसताना आवाज ऐकू येत. रिस्पेरिडोनने ते थांबले, पण आता त्याचे हात थरथरतात आणि तो एका जागी बसत नाही. गोळी बंद करावी का? — एक आई, कोथरूड, पुणे

उत्तर : गोळी परस्पर बंद करू नका, आजार उलटण्याचा धोका मोठा असतो. हे औषध मेंदूतील डोपामिन या संदेश पोहोचवणाऱ्या रसायनाचे डी-२ ग्राहक (पेशींवरील ते रसायन स्वीकारणाऱ्या जागा) अडवते; त्यामुळे भास आणि संशय ओसरतात, परंतु हालचालींचे नियंत्रण करणाऱ्या भागातही तोच अडथळा निर्माण होत असल्याने कंप सुटतो. त्याची अस्वस्थता मला अधिक काळजीची वाटते, कारण पुष्कळदा ती औषधाचा परिणाम असूनही आजार वाढल्याचे लक्षण समजून मात्राच वाढवली जाते. डॉक्टरांना हे याच आठवड्यात सांगा; मात्रा कमी करणे किंवा औषध बदलणे शक्य असते.