बीमवरून दोनदा पडलेली मुलगी संघात कशी?

एका वडिलांचं चार पानी पत्र आलं आहे. मुलगी दहावीत, वय पंधरा, आर्टिस्टिक जिमनॅस्टिक्स करते. म्हणजे व्हॉल्ट (टेबलावरून उडी), बार्स (दोन आडव्या दांड्या), बीम (उंचावरची अरुंद पट्टी) आणि फ्लोअर (जमिनीवरच्या कसरती) अशी चार साधनं. राष्ट्रीय ज्युनिअर निवड चाचणीत ती एकूण गुणांत चौथी आली. संघ चौघींचा, तरी तिच्याऐवजी पाचवी आलेली मुलगी निवडली गेली. "बीमवरून दोनदा पडलेली मुलगी विमानात आणि एकदाही न पडलेली माझी मुलगी घरी!" असं ते लिहितात. कोर्टात जावं का, आणि अकरावीला कॉलेजात न घालता मुक्त विद्यालयातून बारावी करवून मुलीला पूर्णवेळ सरावाला लावावं का, असे त्यांचे दोन प्रश्न आहेत.

तुमच्या चार पानांपैकी साडेतीन पानं निवड समितीवर खर्च झाली आहेत. मुलीच्या तब्येतीबद्दल मोजून दोन वाक्यं आहेत: "मनगट दुखतं, पण टेप लावून सराव चालू ठेवलाय" आणि "रात्रीची पोळी-भात बंद करून दोन किलो उतरवलेत." माझं उत्तर या दोन वाक्यांपासूनच सुरू होतं.

पंधराव्या वर्षी मनगटाच्या हाडाचं टोक अजून वाढत असू शकतं. तिथे वाढीची मऊ चकती असते, डॉक्टर तिला ग्रोथ प्लेट म्हणतात. हँडस्टँड, व्हॉल्टच्या टेबलावर हात आपटून घेतलेली उसळी, बीमवरचं फ्लिक (मागे हातांवर घेतलेली कोलांटी) यांत शरीराचा सगळा भार वाकलेल्या तळहातावर येतो आणि त्या चकतीवर आदळतो. टेप मनगटाला फार मागे वाकू देत नाही, एवढंच तिचं काम. चकती त्याने बरी होत नाही. दुखणं रेटत राहिलं तर चकती वेळेआधी बंद होऊ शकते. मग अंगठ्याकडचं हाड आखूड राहतं आणि करंगळीकडच्या बाजूवर कायमचा ताण येतो. सुरुवातीला एक्स-रे स्वच्छ दिसू शकतो, तेव्हा तेवढ्यावर निर्धास्त होऊ नका. खेळाच्या दुखापती पाहणाऱ्या हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. काही आठवडे हातावर भार बंद, असं ते सांगतील बहुधा. तोवर पाय, पोट, लवचिकता आणि फ्लोअरमधलं नृत्य यांचा सराव होऊ शकतो.

जेवणाचंही तसंच. रोज चार तास सराव करणाऱ्या वाढत्या मुलीच्या ताटातून पोळी-भात काढला की आधी ताकद जाते, मग पाळी लांबते, मग हाडं ठिसूळ होतात. पाळी तीन महिने चुकली असेल तर तेही डॉक्टरांना सांगायचं आहे. हे आईने तिला एकटीला विचारावं. आणि "पुढच्या वर्षी संघात नाही आली तर सगळं बंद" हे तुम्ही तिला ऐकवलंत, वर पत्रात अभिमानाने लिहिलंत! समितीने तिची एक स्पर्धा हुकवली. तुम्ही तर अख्ख्या खेळाचीच धमकी दिलीत.

आता तुमचा मोठा गैरसमज. एकूण गुणांत चौथी म्हणजे संघातली चौथी जागा आपलीच, असं तुम्ही धरून चाललात. तुम्हीच जोडलेल्या पत्रकात म्हटलंय की प्रत्येक साधनावर चौघी उतरणार आणि वरच्या तिघींचेच गुण धरणार. म्हणजे चौथा गुण तिथे टाकून दिला जातो. तुमच्याच गुणपत्रकावरून हिशेब मांडतो. पहिल्या तिघींचे व्हॉल्टवर 12.20, 12.00, 11.80 आणि बार्सवर 9.60, 9.20, 8.40. तुमच्या मुलीचे व्हॉल्ट 11.60, बार्स 8.90, बीम 10.30, फ्लोअर 10.70, एकूण 41.50. व्हॉल्ट, बीम आणि फ्लोअरवर ती चौथी, म्हणजे ते तिन्ही गुण वाया. फक्त बार्सवर 8.40 च्या जागी तिचे 8.90 येतात. संघाला फायदा 0.50. पाचवीचे व्हॉल्ट 12.40, बार्स 10.10, बीम 8.60, फ्लोअर 9.90, एकूण 41.00. बीमवर ती दोनदा पडली, दर पडण्याला एक गुण गेला, पण तिचा बीम संघात धरलाच जात नाही. व्हॉल्टवर तिने 0.60 वाढवले, बार्सवर 1.70. एकूण 2.30. संघ 1.80 ने पुढे गेला. आपल्या मुलींची मोठी आंतरराष्ट्रीय पदकं बहुतेक व्हॉल्टवरची, बार्स हे जुनं दुखणं. तिथे दहाच्या वर जाणारी मुलगी कोणताही शहाणा प्रशिक्षक सोडणार नाही. पॅरिस ऑलिंपिकला अमेरिकेने स्टीफन नेडोरोसिकला पुरुषांच्या पाच जणांच्या संघात घेतलं ते केवळ पॉमेल हॉर्स (मुठी लावलेला घोडा) या एका साधनासाठी, आणि त्या संघाने 16 वर्षांनी सांघिक पदक मिळवलं.

निकाल बरोबर आहे. पद्धत मात्र ढिसाळ आहे. "संघाची एकूण कामगिरी लक्षात घेऊन समिती निर्णय घेईल" एवढ्या मोघम ओळीवर निवड करायची आणि वरचं गणित कुणाला दाखवायचं नाही, यातूनच संशय वाढतो. हा हिशेब चाचणी संपली त्याच संध्याकाळी भिंतीवर लागायला हवा होता. निवडलेल्या मुलीचे प्रशिक्षक समितीत होते, हा तुमचा मुद्दाही रास्त आहे. त्यांनी त्या जागेपुरतं उठून बाहेर जायला हवं होतं, मग गणित कितीही चोख असो. उलट निकष लेखी आहेत म्हणून न्याय झालाच, असंही नाही. 2023 च्या हांगझोऊ एशियाडच्या निवड चाचणीत दीपा कर्माकर पहिली आली, पण तिला पाठवलं नाही. सरकारी निकष असा की गेल्या बारा महिन्यांतली कामगिरी आधीच्या एशियाडमधल्या आठव्या क्रमांकाच्या तोडीची हवी. उत्तेजक द्रव्यामुळे तिच्यावर आलेली 21 महिन्यांची बंदी 10 जुलै 2023 ला संपली होती. म्हणजे त्या बारा महिन्यांत तिला स्पर्धेत उतरताच येत नव्हतं. शिक्षा भोगून संपली, तरी निकषाने ती पुढे चालूच ठेवली.

कोर्टाचं म्हणाल तर, न्यायाधीश गुण पुन्हा देत नाहीत. नियम मोडला किंवा मनमानी झाली एवढंच पाहतात. वरच्या हिशेबात मनमानी दिसत नाही, पैसे वाचवा. त्याऐवजी राज्य संघटनेमार्फत महासंघाकडे एक पानी निवेदन द्या. पंचांच्या सहीची गुणपत्रकं (काठिण्य आणि सफाईचे गुण वेगवेगळे दाखवणारी), निकषांचं परिपत्रक तारखेसह, समितीच्या बैठकीचं इतिवृत्त आणि सदस्यांनी हितसंबंध जाहीर केले होते का, एवढंच मागा. उत्तर नाही आलं तर भारतीय क्रीडा प्राधिकरणाकडे माहिती अधिकाराचा अर्ज करा. शुल्क 10 रुपये, मुदत 30 दिवस. त्यात "माझ्या मुलीला का वगळलं" असं विचारू नका. तो कायदा कागद देतो, खुलासे देत नाही. अमुक तारखेच्या इतिवृत्ताची प्रत, असंच लिहा. आणि गुणांबद्दल शंका असेल तर ती प्रशिक्षकाने जागच्या जागी, पुढच्या मुलीचा गुण लागायच्या आत विचारायची असते, तीही फक्त काठिण्याच्या गुणाबद्दल. घरी येऊन व्हिडिओ थांबवून थांबवून काही निघत नाही.

मुक्त विद्यालय नको. दिवसभर फक्त जिम आणि तुम्ही, अशा घरात ती दोन वर्षांत खेळच सोडेल. नेहमीच्या कॉलेजात अकरावी, विज्ञान झेपत असेल तर पुढे 'नीट' ही प्रवेश परीक्षा देऊन फिजिओथेरपी, नसेल तर कोणतीही पदवी आणि मग बीपीएड (शारीरिक शिक्षणाची पदवी) किंवा पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची प्रशिक्षक पदविका; राज्य सरकारी नोकरीतल्या 5 टक्के खेळाडू आरक्षणासाठी राष्ट्रीय स्पर्धांची मूळ प्रमाणपत्रं आतापासून नीट लावून ठेवा.

ज्या वर्षी ती सोळा पूर्ण करेल त्या वर्षापासून ती सीनिअर गटात. तिथे संघात शिरायची तिची वाट बार्सची आहे, हे वरचे आकडेच सांगतात. पण मनगट बरं झाल्यावर, आणि तिला हवं असेल तरच. तिला हवंय का, हे चार पानांत कुठेही नाही. पुढचं पत्र तिला लिहू द्या, आणि पाठवण्याआधी वाचू नका.