प्रसिद्ध व्यक्तींवर वाङ्मयचौर्याचे आरोप होतात तेव्हा ते खरे मानायचे की राजकारण समजून सोडून द्यायचे?

तुम्ही विचारलंय की असे आरोप नेहमी विरोधकच करतात, मग त्यांच्यावर विश्वास कसा ठेवायचा. माझं सरळ उत्तर: आरोप कुणी केला याकडे पाहूच नका. दोन मजकूर शेजारी शेजारी ठेवा आणि वाचा. मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात पीएच.डी.चे प्रबंध सॉफ्टवेअरमधून तपासण्याचं काम करते, आणि या कामात शेवटी एवढंच हाती लागतं. हेतू वाईट असणाऱ्याचा आरोपही खरा निघतो, आणि खरा निघाला की हेतूची चर्चा तिथेच संपायला हवी.

आपल्याकडचंच उदाहरण घ्या. डॉ. रघुनाथ माशेलकरांबद्दल मला मनापासून आदर आहे. हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर दिलेलं अमेरिकन पेटंट सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने १९९७ साली रद्द करून घेतलं, तेव्हा तिचे प्रमुख तेच होते. पुढे पेटंट कायद्यावर सरकारने नेमलेल्या तज्ज्ञ समितीचे ते अध्यक्ष झाले. औषधांच्या पेटंटवर भारताने बंधन घातलं तर ते जागतिक व्यापार कराराला धरून होईल का, हा समितीपुढचा कळीचा प्रश्न होता. बंधन करारात बसणार नाही, असं म्हणणारा अहवाल डिसेंबर २००६ मध्ये आला. ज्यांना हा निष्कर्ष मान्य नव्हता त्यांनी तो ओळ न् ओळ वाचून काढला. नेमका कळीचा भाग शमनाद बशीर या कायदेतज्ज्ञाच्या निबंधातून जवळपास जसाच्या तसा, श्रेय न देता घेतल्याचं तेव्हा उघड झालं. त्या निबंधामागच्या अभ्यासाला बड्या औषध कंपन्यांच्या संघटनेने पैसा पुरवला होता. म्हणजे इथे तळटीप गाळणं ही नुसती कागदोपत्री चूक उरत नाही, कारण हे मत मुळात कुठून आलं हे वाचणाऱ्या सरकारला कळायलाच हवं होतं. टीकाकारांना अहवाल हाणून पाडायचा होता हे खरंच, पण म्हणून मजकूर काही बदलत नाही. फेब्रुवारी २००७ मध्ये माशेलकरांनी अहवाल मागे घेतला आणि सुधारित अहवाल २००९ मध्ये दिला. निष्कर्ष तोच राहिला. विरोधकांना हवं ते मिळालं नाही, तरी चूक दाखवणं योग्यच होतं.

जर्मनीचं गुटेनबर्ग प्रकरण मात्र या विषयातलं सगळ्यात शिकण्यासारखं. कार्ल-थिओडोर त्सू गुटेनबर्ग हे संरक्षणमंत्री, तरुण आणि कमालीचे लोकप्रिय. बायरॉइट विद्यापीठाने त्यांना सर्वोच्च श्रेणीत डॉक्टरेट दिली होती. ब्रेमेनचे एक कायद्याचे प्राध्यापक त्या प्रबंधाचं परीक्षण लिहायला बसले आणि त्यांना उचललेले परिच्छेद सापडू लागले. फेब्रुवारी २०११ मध्ये बातमी छापून आली. गुटेनबर्ग यांनी आरोप धुडकावला, आणि हे सगळं राजकारण आहे अशी समर्थकांनी ओरड केली. तेव्हा शेकडो अनोळखी लोकांनी इंटरनेटवर एकत्र येऊन प्रबंधाचं एकेक पान मूळ स्रोतांशी ताडून पाहिलं. प्रस्तावनेची सुरुवातच १९९७ सालच्या एका वर्तमानपत्री लेखातून उचललेली होती. अखेरच्या मोजणीत ३९३ पैकी ३७१ पानांवर उचललेला मजकूर सापडला. डावीकडे प्रबंधाचा उतारा, उजवीकडे मूळ उतारा, आणि सारखे शब्द रंगवलेले. अशा पानावर वाद घालायला जागाच उरत नाही.

मला सगळ्यात लागलं ते चॅन्सेलर मर्केल यांचं बोलणं. आपण संशोधन साहाय्यक नेमलेला नाही, मंत्री नेमलाय, अशा अर्थाचं त्या म्हणाल्या. म्हणजे जी मुलं तुटपुंज्या मानधनावर वर्षानुवर्षं एकेक तळटीप तपासतात, त्यांच्या प्रामाणिकपणाला काही किंमतच नाही का? हजारो संशोधक विद्यार्थ्यांनी मर्केल यांना खुलं पत्र लिहून नेमकं हेच विचारलं. विद्यापीठाने पदवी काढून घेतली आणि १ मार्चला गुटेनबर्ग यांनी राजीनामा दिला.

आता टक्केवारीबद्दल, कारण बातम्यांमध्ये ‘इतके टक्के कॉपी’ असे आकडे फेकले जातात. सॉफ्टवेअर साम्य दाखवतं, चोरी दाखवत नाही. कायद्याच्या प्रबंधात कलमं जशीच्या तशी द्यावीच लागतात, त्यामुळे आकडा फुगतो. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८ च्या नियमांत अवतरणं, संदर्भसूची, कायद्याचा मजकूर, योगायोगाने जुळलेले सलग १४ पर्यंत शब्द हे सगळं वगळायला सांगितलंय, आणि १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही. पण त्याच १० टक्क्यांत प्रबंधाचा अख्खा निष्कर्ष दुसऱ्याचा असू शकतो. आणि इंग्रजी पुस्तकातलं प्रकरण मराठीत उतरवून आपल्या नावावर खपवलं, तर सॉफ्टवेअरला बहुतेक वेळा पत्ताही लागत नाही. तिथे विषय जाणणारा मार्गदर्शकच लागतो.

सगळ्याच उचलेगिरीचं वजन सारखं नसतं, हेही मान्य करायला हवं. हार्वर्डच्या अध्यक्ष क्लॉडिन गे यांच्यावर डिसेंबर २०२३ मध्ये आरोप करणाऱ्यांनी त्यांना पदावरून घालवण्याची इच्छा लपवली नव्हती. काही ठिकाणी त्यांचे शब्द इतरांच्या लेखनाशी जुळत होते आणि त्यांना दुरुस्त्या कराव्या लागल्या. ज्यांचे शब्द घेतले त्यांच्यापैकी काहींनी आपली तक्रार नाही असं सांगितलं, तर एका महिला अभ्यासकाने जाहीर नाराजी व्यक्त केली. २ जानेवारी २०२४ ला गे पायउतार झाल्या. माझ्या मते तिथे चूक होती, पण ती गुटेनबर्ग यांच्या जवळपासही जाणारी नव्हती, आणि दोन्हींना एकच शब्द लावणं हा अन्याय आहे.

संस्थेने कसं वागावं याचं उदाहरण हवं असेल तर मार्टिन ल्यूथर किंग यांचं प्रकरण वाचा. त्यांच्या १९५५ च्या प्रबंधातली उसनवारी कुणा शत्रूने शोधली नाही. त्यांची कागदपत्रं संपादित करून छापण्याचं काम ज्या अभ्यासकांकडे होतं, त्यांनाच ती सापडली. बोस्टन विद्यापीठाने समिती नेमली. १९९१ मध्ये समितीने आरोप खरा असल्याचं म्हटलं. पदवी काढून घेतली नाही, पण हा निष्कर्ष सांगणारं पत्र ग्रंथालयातल्या प्रबंधाच्या प्रतीला जोडायला लावलं. नागरी हक्कांच्या लढ्यातलं त्यांचं काम यामुळे तसूभरही कमी होत नाही, आणि त्या कामामुळे प्रबंधातले परिच्छेद त्यांचे होत नाहीत.

तुमच्या मनात एखादा विशिष्ट नेता किंवा कुलगुरू असेल आणि त्यांची पीएच.डी. भारतातली असेल, तर आधी ‘शोधगंगा’ या भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर प्रबंध आहे का पाहा, तो फुकट वाचता येतो. आरोप ज्या पानांबद्दल आहे ती पानं उघडा, मूळ पुस्तक मिळवा, तळटीप आहे का आणि अवतरणचिन्हं आहेत का बघा. बातमीत दोन्ही उतारे दिलेले नसतील आणि तुम्हालाही मिळत नसतील, तर तोवर कुणाला चोर म्हणू नका, आणि ‘विरोधकांचा डाव’ म्हणून आरोप उडवूनही लावू नका.