गोव्यात पारा 34-35 च्या पुढे क्वचितच जातो, मग फोंड्यात एकट्या राहणाऱ्या वयस्क आई-बाबांना उन्हाळ्याचा खरंच धोका आहे का?

तुम्ही दिलेली माहिती अशी: बाबा 78 वर्षांचे, बीपीसाठी टेल्मिसार्टन आणि क्लोरथॅलिडोन एकत्र असलेली गोळी घेतात. आई 73 वर्षांची, इन्सुलिनवर. फोंड्यात सगळ्यात वरच्या मजल्यावर फ्लॅट, आणि तुम्ही पुण्यात. धोका आहे, आणि तो पाऱ्याच्या आकड्यात दिसत नाही म्हणून जास्त आहे.

आपल्याकडे घाम येतो, पण सुकत नाही. शरीर गार होतं ते घाम सुकल्यामुळे, नुसता गळून काही उपयोग नाही. सावलीत 34 अंश आणि 60 टक्के आर्द्रता असली तर शरीरावरचा ताण साधारण 42 अंशांइतका होतो. म्हणूनच हवामान खातं किनारपट्टीवर उष्णतेच्या लाटेचा विचार 37 अंशांपासून करतं, तर आतल्या सपाट भागात 40 पासून. आणि फक्त मे महिन्याकडे डोळे लावून बसू नका. फेब्रुवारी-मार्चमध्ये पूर्वेकडचा कोरडा वारा जोरात असला की समुद्रावरचा वारा उशिरा सुरू होतो आणि पारा एकदम चढतो. मार्च 2023 मध्ये अशाच इशाऱ्यामुळे गोव्यातल्या शाळा 9 आणि 10 तारखेला दुपारी बाराच्या आत सोडल्या होत्या. उकाड्याची सवय व्हायला शरीराला एक ते दोन आठवडे लागतात, त्यामुळे हंगामातले पहिले कडक दिवस वयस्करांना सर्वात जड जातात. तयारी फेब्रुवारीतच झालेली बरी.

वय झालं की तहानेची जाणीव मंदावते, घाम कमी येतो, मूत्रपिंडं पाणी राखून ठेवायला कमी पडतात. "तहान लागली की पितो ना" हे बाबांचं उत्तर खरं असेल, पण त्यांची तहान उशिरा लागते. पाणी घड्याळावर प्यायला हवं. ज्यांना डॉक्टरांनी हृदयासाठी किंवा किडनीसाठी पाण्याची मर्यादा घालून दिलेली नाही, त्यांनी दिवसाला दीड ते दोन लिटर पेय पोटात जाईल असं पाहावं, त्यात चहा, ताक, पेज सगळं धरून. मर्यादा दिलेली असेल तर तीच पाळायची, आणि उन्हाळ्यात ती किती असावी हे डॉक्टरांना मुद्दाम विचारायचं. रात्री उठावं लागतं म्हणून बरेच जण पाणीच टाळतात. त्यावर उपाय एवढाच की तीन चतुर्थांश पाणी संध्याकाळी पाचच्या आत संपवायचं. एक लिटरच्या दोन बाटल्या, दोघांना एकेक, सकाळी भरून टेबलावर ठेवायला सांगा आणि फोनवर "पाणी प्यायलात का?" असं विचारू नका, त्याला "हो" हेच उत्तर येतं. "बाटलीत किती उरलंय?" असं विचारा.

काय प्यावं, यात आपल्या जुन्या सवयी चांगल्या आहेत. उकड्या तांदळाची पेज सकाळी दहा-अकराला घेणं उत्तम: पाणी, पिष्ट आणि चिमूटभर मीठ एकत्र मिळतं. सोबतीला खारातली तोरं (मिठाच्या पाण्यातल्या कोवळ्या कैऱ्या) मात्र बीपीवाल्यांनी एखादी फोडच घ्यावी, त्यात मीठ फार असतं. पातळ ताक, बिनसाखरेचं कोकम चालेल. कोकमाचं बाटलीतलं सरबत आईसाठी नको, त्यात साखरच जास्त. शहाळं रोज देण्याआधी थांबा. त्यात पोटॅशियम भरपूर असतं आणि टेल्मिसार्टन, रामिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन या औषधांनी रक्तातलं पोटॅशियम आधीच वाढू शकतं. किडनीचे रिपोर्ट चांगले असतील तर अधूनमधून एखादं चालतं, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) वाढलेलं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. मार्चपासून हुर्राकाचा, म्हणजे काजूच्या दारूचा, हंगाम असतो. दारूने लघवी वाढते, तोल जातो, आणि ऊन लागल्याची लक्षणं "थोडी चढली असेल" म्हणून दुर्लक्षित राहतात. बाबा घेत असतील तर निदान भर दुपारी तरी नको.

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग: ती गोळी. क्लोरथॅलिडोन लघवीवाटे पाण्याबरोबर मीठही बाहेर टाकते. त्यात घाम, त्यात मिठाचं पथ्य, आणि त्यावर नुसतं साधं पाणी भरपूर. यातून रक्तातलं सोडियम घसरतं. मग मळमळ, डोकं जड, चालताना झोकांडी, बोलण्यात विसंगती. घरचे म्हणतात ऊन लागलं आणि आणखी साधं पाणी पाजतात, त्याने सोडियम अजून खाली जातं. म्हणून फेब्रुवारीच्या शेवटी एकदा आणि उकाडा सुरू झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा सोडियम, पोटॅशियम आणि क्रिएटिनिन तपासून घ्या. साधी रक्ततपासणी आहे. उन्हाळ्यात कातडीकडच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि बीपी तसंही खाली येतं, त्यामुळे हिवाळ्यात बरोबर बसलेला डोस एप्रिलमध्ये जास्त होऊ शकतो. बाबांना पाच मिनिटं बसवून बीपी घ्यायचं, मग उभं करून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा. वरचा आकडा 20 किंवा जास्त उतरला तर डॉक्टरांना कळवायचं. पहाटे बाथरूमला उठताना पडणं बऱ्याचदा यातूनच होतं. गोळी मनाने बंद करू नये, पण डॉक्टरांना दोन प्रश्न विचारून उत्तर कागदावर लिहून घ्या: उन्हाळ्यापुरता डोस बदलायचा का, आणि उलट्या-जुलाब झाले किंवा जेवण बंद पडलं तर त्या दिवशी कोणत्या गोळ्या थांबवायच्या. आई मेटफॉर्मिन किंवा डॅपाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या गोळ्या घेत असेल तर दुसरा प्रश्न तिच्यासाठीही विचारा.

गुडघेदुखीवर फार्मसीतून परस्पर आणलेली डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन या घरात नकोच. टेल्मिसार्टन, क्लोरथॅलिडोन आणि ही वेदनाशामकं एकत्र आली आणि अंगात पाणी कमी असलं की किडनीला इजा होऊ शकते. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल बरं. सर्दीच्या गोळ्यांतलं क्लोरफेनिरामिन घाम कमी करतं आणि सुस्ती आणतं, तेही टाळा.

आईचं इन्सुलिन: वापरात असलेली कुपी किंवा पेन बहुतेक प्रकारांत 30 अंशांखाली सुमारे चार आठवडे टिकतं, पण त्यांच्या फ्लॅटमध्ये एप्रिलच्या दुपारी खोली 30 च्या वर असणारच. कुपी फ्रिजच्या दारात ठेवायची, फ्रीझरजवळ नाही, आणि टोचण्याआधी अर्धा तास बाहेर काढायची. पेनसाठी त्याच्यासोबतच्या पत्रकात लिहिलेलं पाळा. वीज गेली तर दार न उघडता फ्रिज साधारण चार तास थंड राहतो. उकाड्यात इन्सुलिन कातडीखालून लवकर शोषलं जातं, त्यातच भूक मेलेली असते, म्हणून साखर उतरते. घाम, थरथर, गोंधळ ही साखर उतरल्याची लक्षणं उकाड्याच्या लक्षणांसारखीच दिसतात. तिला अस्वस्थ वाटलं की आधी ग्लुकोमीटर. 70 च्या खाली असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी.

वजनाचा काटा घरात नसेल तर घ्या. सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी, तशाच हलक्या कपड्यांत वजन करून कॅलेंडरवर लिहायचं. एक-दोन दिवसांत एक किलो कमी झालं म्हणजे साधारण एक लिटर पाणी गेलं. लघवीचा रंगही सांगतो, पण व्हिटॅमिनच्या गोळ्यांनी तो फसवतो. काटा फसवत नाही.

घराबद्दल. वरच्या मजल्याचा स्लॅब दिवसभर तापतो आणि ती धग संध्याकाळी खाली सोडतो, त्यामुळे बाहेर बरं वाटायला लागतं तेव्हाही तुमच्या आई-बाबांची झोपायची खोली भट्टीसारखी असते. रात्री शरीराला उसंत मिळाली नाही तर दुसऱ्या दिवसाचा ताण वाढतो. सोसायटीची परवानगी असेल तर गच्चीवर हिरवी शेडनेट बांधून घ्या, स्लॅबपासून दोन-तीन फूट वर, म्हणजे मधून हवा खेळते. नाहीतर उष्णता परतवणारा पांढरा रंग. पूर्वेच्या खिडक्या सकाळी, पश्चिमेच्या दुपारनंतर झाकायच्या. पडदा आतून लावण्यापेक्षा बाहेरून चटई टांगली तर काच तापतच नाही, आणि पश्चिमेचा वाराही अडत नाही.

एअर कूलर घेऊ नका. विदर्भात तो चालतो कारण तिथली हवा कोरडी असते. आपल्याकडे तो खोलीत ओल वाढवतो आणि घाम सुकणं आणखी बंद होतं. एसी शक्य असेल तर एकाच खोलीत बसवा, 26-27 वर ठेवा आणि सोबत पंखा लावा. दुपारी एक ते चार आणि रात्री झोप लागेपर्यंतचे तास मिळाले तरी मोठा फरक पडतो. बिलाच्या धास्तीने तो बंद राहतो, म्हणून बिल तुम्ही तुमच्या खात्यातून भरा. एसी नसेल तर ओला पंचा हातांवर, मानेवर, पायांवर फिरवून पंख्याखाली बसायचं, सुकलं की पुन्हा ओलं करायचं. 35-36 अंशांपर्यंत हा उपाय चांगलाच काम करतो. यासाठी सकाळी सातलाच दोन बादल्या भरून ठेवायला सांगा, गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी दुपारी तीनला हात भाजेल इतकं तापतं. मे महिन्यातल्या वळिवाच्या पावसात वीज जाते, आणि पाऊस थांबल्यावर उकाडा वाढतो. चार्ज केलेला बॅटरीचा पंखा हाताशी असू द्या.

पुरुमेंताची (पावसाळ्यासाठीच्या साठवणीची) कामं, म्हणजे सोलं वाळवणं, मिरच्या-पापड उन्हात घालणं, याच महिन्यांत येतात. आई ती सोडणार नाही, सोडावीत असंही माझं म्हणणं नाही. पसरायचं सकाळी नऊच्या आत, परतायचं आणि उचलायचं पाचनंतर, मधे राखणीला उन्हात बसायचं नाही, वरून जाळी घालायची. सत्तरी तालुक्यात काजूच्या बागेत जाणं असेल तर पूर्ण बाह्यांचे सुती कपडे आणि पहाटेची वेळ: त्या भागात 2015 पासून माकडतापाचे रुग्ण सापडलेत, तो गोचिडीतून पसरतो आणि त्याचा हंगाम हाच. घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात टाकून आंघोळ.

बिघडतंय हे कसं ओळखायचं? वयस्करांत पहिली खूण ताप नसते. जेवण नको म्हणणं, दिवसा अवेळी झोपून राहणं, शब्द चुकणं, अचानक पडणं ही असते. रोज चारच्या सुमारास व्हिडिओ कॉल करा आणि आज काय खाल्लं, कोण आलं होतं असे उत्तर सुचावं लागणारे प्रश्न विचारा. घराची एक किल्ली शेजारी ठेवा.

नुसता थकवा, चक्कर, पायात गोळे आणि माणूस नीट बोलतोय, तर गार खोलीत झोपवून पाय किंचित वर आणि ओआरएसचे घोट. पाकीट असं घ्या ज्यावर एक लिटर पाण्यासाठी असं लिहिलंय, आणि ते पूर्ण एक लिटरमध्येच विरघळवा, ग्लासभर पाण्यात नाही. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. हे रोज प्यायचं पेय नव्हे. अर्ध्या तासात फरक पडला नाही किंवा उलट्या सुरू झाल्या तर हॉस्पिटल.

बोलणं भरकटलं, हाक मारून उठत नाहीत, झटका आला आणि अंग भाजतंय, तर तो उष्माघात समजा, घाम येत असला तरी. काखेतला थर्मामीटर अशा वेळी कमी दाखवतो, त्यावर विसंबू नका. 108 ला फोन, आणि गाडी यायच्या आत गार करायला सुरुवात. जादा कपडे काढायचे, नळाचं पाणी अंगावर मगाने सतत ओतायचं, जोरात पंखा, मानेला, काखेत आणि जांघेत फडक्यात गुंडाळलेला बर्फ. शुद्ध नीट नसेल तर तोंडात पाणी घालू नका, ते फुप्फुसात जातं. पॅरासिटामॉल इथे काहीच करत नाही. चेहरा एका बाजूला वाकडा झालाय किंवा एक हात उचलत नाही असं दिसलं तर तेही फोनवर सांगा, तो पक्षाघात असू शकतो. फोंड्यात उपजिल्हा रुग्णालय आहे, गंभीर रुग्णाला तिथून बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात) हलवतात. फ्रिजच्या दारावर औषधांची यादी, डोस आणि तुमचा नंबर मोठ्या अक्षरांत चिकटवून ठेवा, आणि गाडीत बसताना तो कागद सोबत जायला हवा हे शेजाऱ्यांना आधीच सांगा.

डॉक्टरांनी उन्हाळ्यापुरता डोस कमी केला असेल तर जूनमध्ये पाऊस लागला की आठवड्याभरात बीपी पुन्हा मोजून त्यांना दाखवा. हवा गार झाली की ते वर चढतं, आणि कमी केलेली गोळी तशीच वर्षभर चालू राहणं ही नेहमी दिसणारी चूक आहे.